श्वानाचा अतिसार आणि आपले औषधालय

"डॉक्टरसाहेब, कुत्र्याला जुलाब लागलेत, एखादी बाटली द्या." ग्रामीण भागात व्यवसाय करणाऱ्या बहुतेक वैद्यबंधूंनी व औषधी दुकानदारांनी ही मागणी ऐकली असेल. आपल्या धाराशिव जिल्ह्यात शेतवस्तीवर व मेंढ्यांच्या कळपासोबत श्वान असतोच. पशुवैद्यकीय दवाखाना लांब आणि आपले दुकान जवळ, म्हणून मालक प्रथम आपल्याकडे येतो.

काही वर्षांपूर्वी तीन महिन्यांच्या पिल्लासाठी आम्ही अशीच कुटजारिष्टाची बाटली दिली. वांत्या व दुर्गंधीयुक्त रक्तमिश्रित जुलाब होते. आम्ही त्यास रक्तातिसार मानले. तिसऱ्या दिवशी पिल्लू दगावले. ती लक्षणे पार्व्हो या विषाणुजन्य रोगाशी जुळणारी होती, हे आम्हास नंतर समजले. या रोगात जलक्षयानेच बहुधा घात होतो आणि शिरेवाटे द्रव देणे हाच मुख्य आधार असतो. आमच्या बाटलीने ते मोलाचे दोन दिवस वाया घालविले.

आपले औषध निदान निरुपद्रवी तरी असते, असा युक्तिवाद केला जातो. तो टिकत नाही. कुटजारिष्टात द्राक्षा आहे व स्वयंजनित मद्यार्कही आहे. द्राक्षे व मनुका यांनी काही श्वानांचे वृक्क निकामी होतात, आणि सुरक्षित मात्रा सांगता येत नाही. लशुनादि वटीतील लसूण श्वानाच्या रक्तकणांचा नाश करू शकतो. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर अधिकच घातक. आपल्या पूर्वसूरींनी अश्वांसाठी शालिहोत्र व गजांसाठी हस्त्यायुर्वेद हे स्वतंत्र ग्रंथ रचले, ते प्राणिभेदाने चिकित्सा बदलते म्हणूनच.

मग आपण काय करावे? लक्षणे ओळखावीत. वारंवार वांती, मलात रक्त, फिकट वा कोरड्या हिरड्या, चिमटीत धरून सोडलेली त्वचा सावकाश पूर्ववत होणे, ग्लानी, तसेच लहान पिल्लाने अन्न टाकणे, ही सर्व तातडीची चिन्हे होत. पोट फुगून कोरड्या ओकाऱ्या येत असतील, तर जठर पिळवटल्याची शक्यता असते; खोल छातीच्या शिकारी श्वानांत ती विशेष, आणि तेथे तासांचा हिशेब असतो. अशा वेळी विनाविलंब पशुवैद्यकाकडे पाठवावे. प्रौढ श्वान हुशार असून एखादाच जुलाब झाला असेल, तर थोडे लंघन, स्वच्छ पाणी व नंतर मऊ भात एवढे सांगणे पुरे. लहान पिल्लास मात्र उपाशी ठेवू नये.

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुचिकित्सेचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आहे, हेही स्मरणात असावे. पिल्लांना सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून लस टोचून घेण्याचा सल्ला तर आपण प्रत्येक मालकास देऊ शकतो.

व्यवसायबंधूंनी आपल्या तालुक्यातील पशुवैद्यकाचा दूरध्वनी क्रमांक दुकानात दर्शनी भागी लावावा, अशी आमची विनंती आहे. बाटली न विकल्याने होणारा तोटा अल्प आहे; योग्य ठिकाणी वेळेवर पाठविलेल्या मुक्या जिवाचे मोल त्याहून कितीतरी अधिक आहे.