जुन्या व्हाउचरचा अर्थ कोणी लावायचा?

संहिता, लेखक आणि वाचक या त्रयीवर आपल्याकडच्या मराठी विभागांतून पुष्कळ चर्चासत्रे झडली आहेत. त्यांत सहसा न येणारी एक संहिता मी इथे विचारासाठी घेणार आहे : विमान कंपनीने आपल्या नेहमीच्या प्रवाशाला दिलेले अपग्रेडचे व्हाउचर. अमुक मुदतीत, अमुक अटींवर, काढलेल्या तिकिटाच्या एक वर्ग वर बसवू, एवढाच तिचा आशय. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा ही विमान कंपनी एअर इंडियात विलीन झाली आणि अशी व्हाउचरे बाळगणाऱ्यांच्या हाती एक चमत्कारिक वस्तू उरली. मजकूर आहे, पण तो लिहून देणारा नाही. रोलां बार्थने १९६७ साली लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली तेव्हा त्यातून वाचकाचा जन्म होईल असे त्याने गृहीत धरले होते. इथे लेखक गेला, पण त्याच्या जागी वाचक आला नाही. आला तो नवा मालक, आणि संहितेचा अर्थ सांगण्याचा मक्ता त्याच्याकडे गेला. हा मक्ता त्याच्याकडे का असावा, एवढाच माझा प्रश्न आहे.

हा विषय काढला की सुशिक्षित मंडळींकडून दोन उत्तरे येतात. पहिले असे की, व्हाउचर ही फुकटची मेहेरबानी; देणारा गेला, मेहेरबानी गेली, त्याचे सुतक कशाला? दुसरे असे की, कायद्याने सगळे हक्क नव्या कंपनीकडे गेलेलेच आहेत, मग तक्रार कसली? ही दोन उत्तरे एकमेकांना छेद देतात. वस्तू फुकटची असेल तर तिचा हक्क कसला, आणि हक्क असेल तर ती फुकटची कशी? तरीही ती एकाच तोंडून, एकाच बैठकीत ऐकायला मिळतात. त्यात बोलणारा सातारा-सांगलीकडचा असला तर तिसरे उत्तर टोमण्याच्या रूपाने येते : तुमच्याकडे विमान उतरत नाही, तुम्हाला वरच्या वर्गाची काय पडली आहे?

टोमण्याचे उत्तर आधी देतो. आमच्या दोन्ही जिल्ह्यांतल्या माणसाला विमानासाठी पुणे, मुंबई किंवा कोल्हापूर गाठावे लागते, हे खरेच. पण खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणारे लोक, देशभरच्या सराफ पेठांतून पिढ्यान्‌पिढ्या पसरलेले आहेत. गावच्या यात्रेला आणि लग्नकार्याला ते आता रेल्वे आणि एस.टी.नेच येतात असे नाही. आणि मुलगा परदेशी असलेले सांगलीचे निवृत्त आईवडील जेव्हा गुडघे आवळून पंधरा-सोळा तास बसतात, तेव्हा ‘एक वर्ग वर’ याला चैन म्हणणाऱ्याने एकदा त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून पाहावे.

आता ‘फुकट’विषयी. विमान कंपन्या आपले गुण बँकांना विकतात. बँक क्रेडिट कार्डाबरोबर ते गुण, आणि पुष्कळदा व्हाउचरेही, ग्राहकाला देते आणि त्या कार्डाचे वार्षिक शुल्क घेते. जिथे गुण थेट प्रवाशाला मिळतात तिथेही हिशेबाचा नियम (भारतात ‘इंड एएस ११५’) कंपनीला बजावतो की, तिकिटाच्या पैशातला गुणांच्या वाट्याचा भाग लगेच उत्पन्न म्हणून दाखवू नका. वचन पुरे होईपर्यंत तो देणे म्हणून बाजूला ठेवा. म्हणजे ताळेबंदात जे देणे असते, तेच ग्राहकाशी बोलताना भेट होते. एकाच वस्तूला दोन शब्द, आणि कोणता वापरायचा हे समोर कोण आहे त्यावर!

या लबाडीला ‘विलीनीकरण’ हा शब्द फार सोयीचा आहे. विलीन होणे म्हणजे विरघळणे. मराठीत नद्या समुद्रात विलीन होतात आणि थोर माणसे अनंतात. दोन्ही ठिकाणी करणारा कोणी नाही, दोष कोणाचा नाही, मागे काही उरतही नाही. कंपनीचे तसे नसते. तिथे कोणीतरी कोणाला तरी घेते, किंमत ठरते, सह्या होतात. विस्तारात सिंगापूर एअरलाइन्सचा ४९ टक्के वाटा होता; तो आणि वर आणखी पैसे घालून तिला एअर इंडियात २५.१ टक्के मिळाले, दशांश चिन्हापर्यंत मोजून. भागधारकाचे काहीही विरघळलेले नाही. विट्याकडचा गलाईवाला मूस तापवण्यापूर्वी माल तोलतो, रस ओतल्यावर पुन्हा तोलतो आणि मध्ये आलेली घट गिऱ्हाइकाला सांगतो. वर्तमानपत्रांच्या अर्थपुरवणीत ‘विलीनीकरण’ हा शब्द येतो तेव्हा त्याच्यासोबत घटीचा आकडा मला कधी दिसला नाही.

साताऱ्याच्या वाचकाला हा खेळ नवा वाटू नये. २५ सप्टेंबर १८१९ रोजी ईस्ट इंडिया कंपनीने छत्रपती प्रतापसिंहांशी तह केला. राज्य राजाला, त्याच्या वारसांना आणि उत्तराधिकाऱ्यांना दिल्याचे त्यात नमूद होते. वीस वर्षांनी, १८३९ मध्ये, त्याच कंपनीने प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठवले आणि त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसवले. ५ एप्रिल १८४८ रोजी आप्पासाहेब वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता, आणि धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक हा वारसच. डलहौसीने काय केले? त्याने तह फाडला नाही. त्याने तहाचा अर्थ लावला. दत्तकाला खासगी मालमत्तेचा वारसा मिळेल, राज्याचा मिळायचा तर कंपनीची संमती हवी, आणि ती नाही. ‘वारस’ हा शब्द जागच्या जागी राहिला. त्यातला माणूस तेवढा काढून घेतला गेला. त्या काळच्या मराठीत याला ‘खालसा करणे’ म्हणत. तो शब्द कठोर आहे, पण त्यात कर्ता दिसतो.

रंगो बापूजी सुमारे चौदा वर्षे लंडनमध्ये राहून दाद मागत होते, आधी प्रतापसिंहांसाठी आणि मागाहून त्यांच्या दत्तकासाठी. कंपनीचे संचालक, भागधारक, पार्लमेंटचे सभासद, सर्वांचे उंबरे त्यांनी झिजवले आणि १८५३ मध्ये रिकाम्या हाताने परत आले. त्यांच्याकडे कागद होता, त्यावर सह्या होत्या. नव्हता तो तिसरा वाचक. कागद लिहून देणारा, त्याचा अर्थ सांगणारा आणि त्याविरुद्धची तक्रार ऐकणारा एकच पक्ष होता. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी रंगो बापूजींवर ग्रंथ लिहिला आहे. तो देशभक्तीचा म्हणून वाचला जातो. माझ्या मते अर्थनिर्णयन शिकवणाऱ्या प्रत्येकाने तो त्या कामासाठी वाचायला हरकत नाही. (राज्याची आणि विमानातल्या खुर्चीची तुलना केली म्हणून कोणी रागावू नये. तुलना वस्तूंची नाही, वाचण्याच्या रीतीची आहे.)

याच साताऱ्यात उलटा दाखलाही आहे आणि तो पार विसरला गेला आहे. अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ मध्ये साताऱ्यात वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली. १ सप्टेंबर १९५६ रोजी ती देशभरच्या इतर विमा संस्थांसह (एकूण २४५) आयुर्विमा महामंडळात गेली. तिच्या पॉलिसीधारकांच्या हाती उरला तो याच जातीचा कागद, ज्याचा लेखक उरलेला नाही. पण महामंडळाच्या कायद्यात कलम ३७ आहे. जुन्या संस्थांच्या पॉलिसींची रक्कम आणि त्यांवर जाहीर झालेला बोनस रोख मिळण्याची हमी त्या कलमाने केंद्र सरकारवर टाकली. बोनस हा शब्द नजरेआड करू नका. मूळ रकमेवरची ही वाढ; ‘मेहेरबानी’ म्हणून झटकायला याहून सोपी गोष्ट दुसरी नव्हती. कायद्याने ती झटकली नाही. डबघाईला आलेल्या संस्थांचे करार कमी करण्याची तरतूदही त्याच कायद्यात होती, हे सांगायला हवे. पण त्यासाठी योजना लिहून काढून सरकारची मंजुरी घ्यावी लागे.

अर्धशतकानंतर चिरमुल्यांच्याच युनायटेड वेस्टर्न बँकेवर (स्थापना १९३६) पाळी आली. २ सप्टेंबर २००६ रोजी निर्बंध आले, खातेदाराला १०,००० रुपयांहून अधिक काढता येईना, आणि ३ ऑक्टोबरला बँक आयडीबीआयची झाली. भागधारकांच्या हाती शेअरमागे २८ रुपये पडले. कुरुंदवाडची गणेश बँक त्याच वर्षी फेडरल बँकेकडे गेली. १९१६ सालची सांगली बँक एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआयकडे गेली, ती मात्र स्वखुशीने, ९२५ शेअरांना १०० या प्रमाणात. ठेवीदारांचे पैसे बुडाले नाहीत म्हणून या विलीनीकरणांचे गोडवे आजही गायले जातात. गाणाऱ्यांनी कारण तपासावे. ठेवपावतीवरचे वचन रुपयांत होते, आणि अर्थाविषयी वाद झालाच तर वाचायला रिझर्व्ह बँक बसलेली होती. जे वचन रुपयांत नव्हते, म्हणजे गावातल्याच मुख्य कचेरीतल्या माणसाने पीक पाहून आणि घर ओळखून दिलेली पत, ते कोणत्याही योजनेच्या परिशिष्टात नव्हते. व्हाउचर या दुसऱ्या जातीचे आहे.

सांगली संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले तेव्हाही वचन होते, तनख्याचे. संस्थानिकांच्या तनख्यांविषयी मला काडीची सहानुभूती नाही. पण ते बंद करायला काय काय लागले ते पाहा. १९७० मध्ये विधेयक राज्यसभेत पडले, मग निघालेला राष्ट्रपतींचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि शेवटी १९७१ मध्ये राज्यघटनेची सव्विसावी दुरुस्ती करावी लागली. प्रवाशाला दिलेले वचन बदलायला ‘कंपनी या अटी पूर्वसूचनेशिवाय केव्हाही बदलू शकते’ अशा आशयाचे एक वाक्य पुरते, आणि तेही त्याने स्वतःच चौकटीत खूण करून मान्य केलेले असते.

व्हाउचर पुन्हा हातात घेऊ. ‘एक वर्ग वर.’ विस्तारात इकॉनॉमी, प्रीमियम इकॉनॉमी आणि बिझनेस असे तीन वर्ग होते. विलीनीकरणाच्या वेळी एअर इंडियाच्या अनेक जुन्या छोट्या विमानांत दोनच होते. मधली पायरीच नव्हती. मग अशा विमानात ‘एक वर्ग वर’ म्हणजे थेट बिझनेस, की प्रीमियम इकॉनॉमी नाही म्हणून व्हाउचर लागूच नाही? व्याकरणाला दोन्ही अर्थ चालतात. ‘जागा उपलब्ध असल्यास’ हेही तसेच. कोणती जागा? विकली न गेलेली, की कंपनीने या कामापुरती वेगळी काढलेली? डोळ्यांसमोर खुर्च्या रिकाम्या दिसत असताना ‘उपलब्ध नाही’ हे उत्तर खोटे ठरत नाही, कारण ‘उपलब्ध’ या शब्दाचा कोश कंपनीचा असतो. क्लब विस्ताराचे गुण एअर इंडियाच्या महाराजा क्लबात एकास एक या दराने वर्ग झाले. ते चांगलेच झाले. पण एक गुण म्हणजे किती, हे गुणावर छापलेले नसते. ते तक्त्यात असते आणि तक्ता कंपनी करते. एखाद्या प्रवाशाला अनुकूल उत्तर मिळालेही असेल, किंवा नसेल. माझा आक्षेप उत्तरावर नाही, उत्तर देणाऱ्याच्या एकाधिकारावर आहे.

आणि आपली नियमावली काय म्हणते? नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२३ मध्ये ठरवले की, काढलेल्या तिकिटाहून खालच्या वर्गात बसवल्यास देशांतर्गत प्रवासात तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत द्यावी. खाली उतरवण्याची किंमत ठरली. वर बसवण्याच्या वचनाची मात्र ठरली नाही. हे अशक्य आहे म्हणावे, तर अमेरिकेच्या वाहतूक खात्याने सप्टेंबर २०२४ मध्ये अलास्का आणि हवाइयन या कंपन्यांच्या एकत्रीकरणाला वाट करून देताना जुन्या गुणांचे मोल टिकवण्याची बंधनकारक अट घातली. तिथे तिसरा वाचक निघाला.

कायद्यात एक जुना दंडक आहे आणि आपली न्यायालये विम्याच्या करारांत तो वापरतात : शब्द संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावावा. समीक्षेच्या वर्गात हा दंडक शिकवला जात नाही, जावा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम २३० ते २३२ खाली अशी योजना राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे येते आणि तिथे धनकोंचे म्हणणे ऐकले जाते. ताळेबंद ज्याला देणे म्हणतो, ते ज्याचे येणे आहे तो धनकोच. व्हाउचरधारकालाही तसेच मोजावे. योजनेत हवे आहे ते एवढेच वाक्य : ‘विलीन होणाऱ्या कंपनीने दिलेल्या व्हाउचरचा अर्थ ते दिले त्या दिवशीच्या अटींप्रमाणे लावला जाईल, त्यात सांगितलेला वर्ग नव्या विमानात नसेल तर त्याच्या वरचा दिला जाईल, आणि ज्या दिवसांत ते वापरता आले नाही ते दिवस मुदतीत धरले जाणार नाहीत.’

या वाक्यात मला अजून एक फट दिसते. ‘दिले त्या दिवशीच्या अटी’ सापडणार कुठे? त्या कंपनीच्या संकेतस्थळावर असतात, आणि संकेतस्थळ कंपनीबरोबरच जाते. तेव्हा योजनेसोबत त्या अटींची प्रतही न्यायाधिकरणात दाखल करून घ्यावी लागेल. रंगो बापूजींना निदान तहाचा मजकूर दाखवता येत होता.