दुखणे आमचे, तर प्रश्न कोणाचे?

सातारा-सांगलीकडील आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींस आरोग्याच्या पाहण्यांचे नावीन्य नाही. कोणी तरी कागद घेऊन येतो, खोकला कोणास, मुले किती, विचारून जातो. पुष्कळदा तो कागद आम्हा मास्तरांच्याच हाती असतो. पुढे त्या रकान्यांतून काय निघाले हे मास्तरासही कळत नाही, मग घरधन्यास कोठून कळणार? पिकाची पैसेवारी निदान जाहीर तरी होते!

गडचिरोलीस 1986 साली अभय व राणी बंग हे डॉक्टर दांपत्य गेले. आरंभी त्यांनी सिकलसेल ह्या रक्तरोगाची पाहणी केली. शोध खरा निघाला, परंतु लोकांस त्याचे अगत्य वाटेना, कारण तो प्रश्न त्यांचा नव्हताच. पुढे डॉक्टर लोकांचे ऐकू लागले. तान्ही मुले घरोघर मरत होती. तेव्हा 39 गावांतील पाच-दहा यत्ता शिकलेल्या बायाच तयार झाल्या. जन्ममृत्यू टिपू लागल्या, बाळाचा श्वास मोजू लागल्या, वेळ पडल्यास सुईही टोचू लागल्या. तिसऱ्या वर्षी, ही सोय नसलेल्या गावांच्या मानाने, तेथील नवजात मुलांचे मरण शेकडा 62 ने उतरले. 1999 साली ते विलायतेतील 'लॅन्सेट' साप्ताहिकाने छापले. आज आपल्या वाडीवर आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी येते, ती वहिवाट मूळची तेथली. खेड्यातील बायांनी संशोधनास हात लावला म्हणून कोणाची पोथी बाटली नाही!

आता आपल्या उसाच्या फडाकडे पाहा. बीडकडील बाया कोयता घेऊन कऱ्हाड-वाळव्याकडे येतात व गळिताचा हंगाम कोपीत काढतात. 2019 साली बीड जिल्ह्यात अशा 82 हजारांवर बायांची सरकारी पाहणी झाली. तीत 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. मोजणी झाली हे बरेच झाले. परंतु खाडा पडला की पैसे कापतात, पाळीच्या दिवसांत आडोसा नाही, पाणी नाही, अंधारात उठून मोळ्या बांधावयाच्या, हे त्या बाईवाचून कोण सांगणार? तिला आधी विचारले असते तर पाहणी पिशवीपाशी न थांबता मुकादमाच्या वहीपर्यंत गेली असती.

ह्यापुढे कोणी पाहणीस आले तर ग्रामसभेने विचारावे, की प्रश्न ठरविताना फडातल्या किती बाया बसल्या होत्या, आणि निकाल सांगावयास परत केव्हा येणार? उत्तर तारखेनिशी लिहून घ्यावे. तोवर सही अगर अंगठा देऊ नये.