चकाचक की भरवशाची?

‘अरे, नवीच घे ना! लोन मिळतंय की!’ ऑफिसातल्या मंडळींचा एकच धोशा. पण शोरूमच्या गेटबाहेर पडली की गाडी ‘सेकंडहॅण्ड’ होते, राव! विम्याच्या नेहमीच्या तक्त्यात घसारा बघा : सहा महिन्यांपुढच्या, वर्षाच्या आतल्या गाडीला १५ टक्के, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०. म्हणजे दहा लाखांची गाडी तिसऱ्या वर्षी सातवर!

म्हणून मी ‘ऑलमोस्ट न्यू’च्या शोधात निघालो. पहिली अकरा महिन्यांची, एकदम चकाचक. तक्त्याप्रमाणे साडेआठ, मालक मागत होता नऊ. तरी मी पाघळलोच होतो. आमच्या मेकॅनिककाकांनी बॉनेट उघडलं आणि बोल्टवरच्या पान्याच्या खुणा दाखवल्या. ‘पुढचा भाग बदललाय, साहेब.’ मालकाला विचारलं, तर तो गप्प!

दुसरी पावणेतीन वर्षांची. दारावर ओरखडा, पण प्रत्येक सर्व्हिसचं बिल फाइलला लावलेलं. किंमत सात. त्यातले तीन लाख बाबांनी एफडी मोडून दिलेले. ते चकचकाटावर उधळायचे? मी ओरखडेवालीच घेतली.

तुम्हीही घेणार असाल, तर विम्याचे जुने क्लेम तपासा, लोन फिटल्याची बँकेची एनओसी बघा, आरसी नावावर करून घ्या. आणि हो, ‘नो क्लेम बोनस’ जुन्या मालकाबरोबरच जातो, तेव्हा प्रीमियमचा हिशेब वेगळा धरा.

परवा बाबांना खंडाळ्याला नेलं. घाटात ते शांत झोपले होते. याहून मोठं सर्टिफिकेट कुठलं?