पोराची झोप आणि हातातला मोबाईल

रात्री अकरा वाजता आपल्या घरात कोण कोण जागे असते, ते एकदा मोजून पाहा. येवल्यात कितीतरी विणकरांच्या घरी माग आणि अंथरूण एकाच खोलीत. पैठणी देण्याची तारीख जवळ आली की दिवा उशिरापर्यंत जळतो. खेड्यावर रात्रपाळीची वीज असली की बाप कांद्याला पाणी द्यायला निघतो, घर जागे होते. त्यात आता मोबाईलची भर! पोर झोपत नाही म्हणून आपणच तो त्याच्या हाती देतो, आणि त्याच्यापायीच पोर आणखी जागते.

सकाळी तेच पोर वर्गात पेंगते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. झोपेचाच विचार करून राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊला किंवा त्यानंतर भरवायला सांगितले. पण रात्र तशीच राहिली, तर शाळा उशिरा भरून काय उपयोग?

झोपेची गोळी मनाने कधीच देऊ नका. आधी सवय बदलायची. डॉक्टर त्याला वर्तनोपचार म्हणतात. निजण्या-उठण्याची वेळ रोज एकच, सुट्टीतही. निजण्याआधी तासभर मोबाईल बंद. हातपाय धुणे, गोष्ट, मंद दिवा, हा क्रम मोडायचा नाही. मूल घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तर मात्र थेट डॉक्टर गाठा.

हे शिकवणार कोण? तज्ज्ञाकडे नाशिकला एक खेप म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. नेदरलँड्समध्ये १२ ते १९ वर्षांच्या मुलांना हाच उपचार इंटरनेटवरून दिला. त्यांची झोप सुधारली, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मग आपल्याकडे का नको? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या-शाळांत येतातच. त्यांनी झोपेबद्दलही दोन प्रश्न विचारावेत आणि सोप्या मराठीतले धडे आईबापांच्या मोबाईलवर पाठवावेत. पोराला काळजीने किंवा भीतीने झोप लागत नसेल, तर सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा फुकट नंबर आजही आहे. तिथे मराठीत बोलता येते.

धडा मोठ्यांनी दिवसा ऐकावा. रात्री मात्र मोबाईल फळीवर ठेवा, अन् पोराला जवळ घेऊन एक गोष्ट सांगा. एवढे तर आजपासून जमेल ना?