मांसाची त्वरित परीक्षा

रोगी जनावरास जंतुनाशक औषध देणें हें धन्याचें कर्तव्यच होय. परंतु तें औषध अंगांतून निघून जाण्यास कांहीं दिवस लागतात. तितके दिवस न थांबतां जनावर कापल्यास औषधाचा अंश मांसांत राहतो. तो डोळ्यांस दिसत नाहीं, जिभेस कळत नाहीं. असा अंश वारंवार पोटांत गेल्यास रोगजंतु औषधास सरावतात, आणि पुढें आजारी लेंकरास तेंच औषध लागू पडत नाहीं, अशी भीति असते.

प्रयोगशाळेचा सविस्तर निकाल येईपर्यंत मांस बहुधा खाऊन संपलेलें असतें. म्हणून त्वरित परीक्षा हवी. एका रीतींत जंतु घातलेल्या जांभळ्या, गोठीव द्रवावर मांसाचा रस घालून ऊब देतात. जंतु वाढले तर रंग पिवळा होतो. औषध असल्यास जांभळाच राहतो. सुमारें ४ तासांत संशय कळतो, व सूक्ष्म तपासणी होईतों मांस अडवितां येतें.

आमचें मत असें कीं, ही परीक्षा कत्तलखान्यांत विक्रीपूर्वींच व्हावी. खर्चाची सबब चालणार नाहीं. खोट्या तराजूचा पवित्र शास्त्रानें निषेध केला आहे, व औषधाचा अंश लपवून मांस विकणें हें खोटें मापच होय. विद्यार्थिमित्रांनो, उद्यां तुमच्यांतील कोणी जनावरें पाळील. त्यानें औषध दिल्याचा दिवस लिहून ठेवावा व नेमलेली मुदत पाळावी.