टर्बो ही रविवारची गाडी नव्हे

आपल्याकडे गाडी घेतली की पहिला प्रश्न ठरलेला: "किती देते?" गोठ्यात नवी म्हैस बांधल्यासारखा. मी खरं उत्तर देतो. सांगलीत फिरताना लिटरला दहा, हायवेला तेरा-चौदा. विचारणारा गप्प होतो, गाडीभोवती एक चक्कर मारतो आणि म्हणतो, "मग रोजला एखादी सीएनजी बघा की. ही ठेवा रविवारी फिरवायला."

माझं भांडण या दुसऱ्या वाक्याशी आहे.

माझी गाडी 2012 ची फियाट लिनिया टी-जेट. 1.4 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 114 हॉर्सपॉवर, हाताने टाकायचे गिअर. घर साताऱ्यात, नोकरी कुपवाड एमआयडीसीत. सोमवारी पहाटे निघायचं, शुक्रवारी रात्री परतायचं, मधले दिवस सांगली-मिरज-कुपवाड. घरात दुसरी चारचाकी नाही. स्पोर्ट्स कार म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर दोन दारांची लाल गाडी आली असेल, तर ती मुंबईत जाऊन बघा. आपल्या खिशाला झेपणाऱ्या वेगवान गाड्या म्हणजे ही लिनिया, पुंटो अबार्थ, पोलो जीटी टीएसआय आणि नशिबाने चांगली मिळालीच तर जुनी ऑक्टाव्हिया आरएस. परदेशी, परदेशी म्हणून लोक ज्यांना घाबरतात, त्या सगळ्या महाराष्ट्रातच जुळल्या. ऑक्टाव्हिया शेंद्र्याला, पोलो चाकणला, लिनिया आणि अबार्थ रांजणगावला.

"रविवारी फिरवा" हा सल्ला दोन टोकांकडून येतो. एकीकडे काका लोक, ज्यांना पेट्रोलची भीती आहे. दुसरीकडे रीलवाले. त्यांच्या लेखी ही 'वीकेंड टॉय', जिच्यात घेतल्या घेतल्या 'स्टेज वन' टाकायचं असतं. दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही, पण म्हणणं एकच: असली गाडी साध्या मंगळवारसाठी नसते. मला वाटतं, जुनी टर्बो गाडी साध्या मंगळवारी चालवणार असाल तरच घ्या.

कारण आधी यंत्राचं. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एका बारक्या चक्राला फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं, ते हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त, पेट्रोल जास्त म्हणून जोर जास्त. ही चक्रं मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतात आणि तो दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. म्हणजे टर्बोचा जीव तेलात. तेल वेळेवर बदललेलं हवं, सुरू केल्यावर दोन-तीन किलोमीटर सबुरीने जायला हवं, आणि जोरात पळवून आणलेली गाडी दारात उभी करताना अर्धा-एक मिनिट इंजिन तसंच चालू ठेवायला हवं, नाहीतर आतलं तेल तिथेच करपतं. या तीन सवयी रोज चालवणाऱ्याच्या अंगवळणी पडतात. महिन्यातून दोनदा ताडपत्री काढून थेट यवतेश्वरचा घाट चढवणाऱ्याच्या पडत नाहीत.

नुसती उभी राहिलेली गाडी सुरक्षित असते, हाही आपला एक लाडका गैरसमज. बॅटरी उतरते, रबर कडक होतं, ब्रेकच्या डिस्कवर गंज चढतो, टायर एका जागी बसतात. आणि आता टाकीत इथेनॉल आहे.

इथे जरा थांबतो, कारण हा विषय आमच्या अंगणातला आहे. सातारा-सांगलीत साखर कारखाना कुठे नाही ते सांगणं सोपं. आमच्या घरातही ऊस आहे, बिल आलं की बरं वाटतं, त्यामुळे इथेनॉलला मी शिव्या देणार नाही. शिवाय इथेनॉलचं ऑक्टेन जास्त असतं, ते टर्बो इंजिनाला मानवतंही. पण लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, ते पाणी ओढून घेतं, आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप व सील 20 टक्के इथेनॉल गृहीत धरून बनवलेले नाहीत. नव्या गाड्यांत तसं साहित्य एप्रिल 2023 पासून आलं. त्याआधीच्या गाडीवाल्याला पंपावर निवडायला काही ठेवलंच नाही, हे वाईटच झालं. त्यावर माझ्या हातात दोन उपाय होते. इंधनाचे जुने होज पाइप बदलून टाकले. आणि टाकीतलं पेट्रोल दीड-दोन महिने पडू देत नाही, आठवड्यात संपवतो. दुसरा उपाय रविवारवाल्याला कसा जमणार?

आता रस्ता. साताऱ्याहून कराड, पेठ नाका, तिथून आत वळून सांगली, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. गळीत हंगामात हा रस्ता चालवून बघा. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, वर टेपवर गाणी. त्याला ओलांडायचं तर रस्ता मोकळा दिसताच तीन-चार सेकंदांत ओलांडून आपल्या लेनमध्ये परत यावं लागतं. टर्बोचा खरा उपयोग तिथे आहे. दीडशेने पळायला नव्हे (तशी इथे जागाही नाही, आणि प्रत्येक गावाने मन मानेल त्या उंचीचा गतिरोधक बांधला आहे). चार माणसं आणि सामान भरलेलं असताना साधी गाडी गिअर मागे टाकून कण्हत असते, ही नुसती निघते. या सुखाला अ‍ॅव्हरेजच्या तक्त्यात रकाना नाही.

सगळ्यांनीच घ्यावी, असं मात्र नाही. तुमचं रोजचं जाणं-येणं राजवाडा ते पोवई नाका एवढंच असेल, तर चुकूनही घेऊ नका. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होत राहिलं तर टर्बो काय, कुठलंच इंजिन टिकत नाही. त्यासाठी स्कूटर आहे. साताऱ्याने एकेकाळी प्रिया स्कूटर बनवून देशाला पुरवली आहे, लाजायचं कारण नाही.

पोलो जीटी टीएसआय घेणार असाल तर गिअरबॉक्सची आधी चौकशी करा. त्यात सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी आहे. याच जातीच्या गिअरबॉक्समुळे 2013 मध्ये चीनमध्ये लाखो गाड्या कंपनीला परत बोलवाव्या लागल्या होत्या. त्याची मर्यादा 250 न्यूटन-मीटर, कंपनीने 1.2 लिटरच्या इंजिनाला दिलेला टॉर्क 175. मधली जागा टिकाऊपणासाठी राखलेली असते. रीलवाला ती लॅपटॉप लावून पंधरा मिनिटांत विकतो आणि क्लचचं बिल तुमच्याकडे येतं. ज्या जुन्या गाडीत रिमॅप केलेला आहे, ती मी कितीही स्वस्त मिळाली तरी घेणार नाही.

आणि एमएच-10 ची गाडी बघत असाल तर पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती, 2021 मध्ये पुन्हा पूर आला. पाण्यात गेलेली गाडी पॉलिश करून विकता येते, पण पट्ट्याच्या आतल्या टोकावरची मातीची रेघ आणि सीटच्या पट्ट्यांखालचा गंज सहसा कुणी साफ करत नाही.

पैशाचं उघड सांगतो. गाडी 2 लाख 60 हजारांना घेतली आणि त्याच दिवशी आणखी 1 लाख बाजूला ठेवले. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, होज, कूलंट, सस्पेन्शनचे बुश, चार टायर यांत त्यातले बहुतेक गेले. हा लाख ज्याच्याकडे नाही त्याने जुनी टर्बो घेऊ नये. फियाट इथून गेली, त्यामुळे सुटे भाग कुरिअरने येतात, आठवडा लागतो. त्या आठवड्यात मी एसटीने जातो. हे धरूनही, नव्या एसयूव्हीच्या सात वर्षांच्या हप्त्यापेक्षा मला हे परवडतं.

"इथे दुरुस्त कोण करणार?" हा प्रश्न मला सर्वात जास्त खटकतो. कुणाला विचारताय? 1910 मध्ये माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली ती याच जिल्ह्यात. साताऱ्यात कूपरचं इंजिन बनलं. देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किक मारून चालू होणारी जीप बनवली, तेव्हा आनंद महिंद्रांनी त्यांना बोलेरो देऊ केली. माझी गाडी बघणारा मिस्त्री कुपवाडचा आहे. शिक्षण दहावी, हातात स्कॅनर, आणि शोरूमने "टर्बोच बदला" म्हणून सोडलेल्या गाडीत त्याने फाटलेला एक पाइप शोधून दिला होता. अशी माणसं आहेत. कंपन्या त्यांना माहितीची पुस्तकं आणि सॉफ्टवेअर देत नाहीत, ती तक्रार कंपन्यांकडे करा.

घरच्यांचा शेवटचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही: रात्री दोन वाजता कुणाला मिरजेच्या दवाखान्यात न्यावं लागलं तर? न्यावं लागलं तर मला ठाऊक असतं की काल संध्याकाळी तिचं तापमान कुठे होतं, ब्रेक कसे होते, तेल किती होतं. सात दिवसांतून एकदा निघणाऱ्या गाडीबद्दल मी हे सांगू शकलो नसतो.

आणि एक गोष्ट. पुढाऱ्याच्या दारात पांढऱ्या फॉर्च्युनर ओळीने उभ्या असतात. तिथे कुणी "किती देते?" विचारल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. तो प्रश्न पंचवीस-तीस हजार पगारवाल्या पोरासाठी राखून ठेवलेला आहे, आणि त्याचा अर्थ "तुला कशाला हवी हौस?" असा होतो. पोराने हप्त्यावर सगळ्यांसारखी पांढरी गाडी घेतली तर तो शहाणा. कर्ज न काढता, हिशेब करून, मनासारखी जुनी गाडी घेऊन तीच रोज कामावर नेली तर उधळ्या.

2027 मध्ये माझ्या गाडीला 15 वर्षं होतील. आरटीओत तपासणी, पुनर्नोंदणी, वर हरित कर. टायमिंग बेल्टही त्याच सुमारास पुन्हा येतो. दोन्हींचे पैसे वेगळे टाकायला सुरुवात केली आहे.