काकांचा फ्रीझर आणि चार डिग्रीचं टेन्शन

खट्ट... घर्रर्र... खट्ट!

रात्रीचे अडीच. सोलापूरचा मे महिना, भिंतीला हात लावला तरी चटका बसतोय आणि गॅलरीतला डीप फ्रीझर दर पाच मिनिटांनी चालू-बंद, चालू-बंद. दोस्तहो, झोपेचं सोडा, पण कॉम्प्रेसर जळला तर? कारण फ्रीझर माझा नव्हता. काकांचा होता.

काकांनी बावीस वर्षं सोडा-लेमनचं दुकान चालवलं. गुडघ्यांनी दगा दिला आणि शटर खाली आलं. बाकी सगळं विकलं, फ्रीझर विकायला मात्र त्यांचं मन होईना. ‘तू ने, पण जपून वापर,’ म्हणाले. येत्या रविवारी त्यांची पंचाहत्तरी होती. त्या दिवशी त्यांना त्यांच्याच फ्रीझरमधला लेमन सोडा थेट नळातून पाजायचा, असा माझा सॉलिड प्लॅन!

नळ म्हणजे केगचा नळ. माझा शाळेतला एक दोस्त मेलबर्नला घरी बिअर बनवतो. तिथे ते चालतं. आपल्याकडे दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हा गुन्हा. म्हणून आपला शौक सोड्यावरच. गेल्या दिवाळीला येताना त्याने १९ लिटरचा स्टीलचा रिकामा केग आणला. गंमत म्हणजे हे केग मुळात कोल्ड्रिंकच्या धंद्यातलेच. तिथून बाद झाल्यावर ते घरगुती बिअरवाल्यांनी उचलले. म्हणजे माझ्याकडे केग माहेरीच आला म्हणायचा.

आता प्रॉब्लेम असा की, डीप फ्रीझर बनतो उणे १८ डिग्रीसाठी आणि मला हवे होते ४. जास्त गार झालं तर सोड्याचा बर्फ, गरम राहिलं तर नुसता फेस. कारण २० डिग्रीच्या पाण्यात जेवढा कार्बन डायऑक्साइड विरघळतो, त्याच्या दुप्पट शून्य डिग्रीच्या पाण्यात विरघळतो. मग मी एसटीसी-१००० नावाचा छोटा कंट्रोलर आणला आणि इलेक्ट्रिशियनकडून जोडून घेतला. सेन्सरने गरम सांगितलं की फ्रीझर चालू, गार सांगितलं की बंद. फंडा सिंपल. तरीही रात्रभर खट्ट-खट्ट!

मेकॅनिक आला, कान लावला आणि म्हणाला, ‘कॉम्प्रेसर गेला. आठ हजार.’ फ्रीलान्सरच्या खिशाला आठ हजार म्हणजे दोन कव्हर स्टोऱ्या. पैसे काढायच्या आधी मेलबर्नला व्हिडिओ कॉल लावला.

‘सेन्सर कुठंय?’

‘आत लटकतोय.’

‘अरे, मग तू सोड्याचं नाही, हवेचं टेम्परेचर मोजतोयस!’

ट्यूब पेटली. झाकण उघडलं की हवा लगेच गरम, बंद केलं की लगेच गार. पाणी तसं नाही. तेवढ्याच जागेतल्या हवेपेक्षा पाण्यात हजारो पट जास्त उष्णता मावते, त्यामुळे ते सावकाश बदलतं. मी सेन्सर केगच्या अंगाला टेपने चिकटवला, वरून थर्माकोलचा तुकडा बांधला. कंट्रोलरमधला फरक अर्ध्या डिग्रीवरून दोनवर नेला. म्हणजे आता फ्रीझर ६ ला चालू होणार, ४ ला बंद. फ्रीझरचं स्वतःचं बटण पूर्ण थंडवर ठेवलं, नाहीतर दोन थर्मोस्टॅट एकमेकांशी भांडतात. गार हवा तळाला बसते म्हणून कॉम्प्युटरचा जुना पंखा आत बसवला आणि केग फळीवर ठेवला. गॅसचा सिलिंडर मात्र बाहेर, हवेशीर जागी. बंद जागेत गॅस गळला तर जिवाशी खेळ.

खट्ट-खट्ट थांबली. तरी कॉम्प्रेसर तापतच होता.

शुक्रवारी काका स्वतःच आले. सरप्राइजचे बारा वाजले! त्यांनी फ्रीझरच्या अंगावर हात ठेवला. ‘काय करालास बे? भिंतीला चिकटवून ठेवलास? त्याची गरमी जायची कुठनं?’ या फ्रीझरच्या आतली उष्णता बाजूच्या पत्र्यातूनच बाहेर पडते, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही दोघांनी तो वीतभर पुढे ओढला.

‘आन् लाइट गेली की?’

मी कंट्रोलर दाखवला. वीज परत आली तरी लगेच चालू होत नाही, ठरलेली मिनिटं थांबतो. मी दहा मिनिटं लावली होती. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर आतलं प्रेशर समान व्हायला वेळ लागतो. त्याआधी चालू केलं तर तो अडकतो, जास्त करंट ओढतो आणि जळतो.

काका हसले. ‘मी दुकानात पाच मिनिटं स्विच बंद ठेवायचो. गिऱ्हाईक वरडायचं, तरी.’

बावीस वर्षं एका कॉम्प्रेसरवर कशी निघाली, ते कळलं. मेकॅनिकचे आठ हजार वाचले. त्यातले थोडे रविवारच्या केकवर गेले.

रविवारी कंट्रोलरवर आकडा होता ४.६. काकांनी नळ उघडला, ग्लास उजेडात धरून बुडबुडे पाहिले, एक घोट घेतला, डोळे मिटले. आम्ही सगळे श्वास रोखून.

‘गार झालाय झकास,’ काका म्हणाले. ‘मीठ कमी पडलंय.’